खिंडारातला गाळ

"लोकांच्या मोडलेल्या संडासाच्या लाद्यांवरून मी देवाला जायची नाय," आवडाबाई म्हणाल्या, आणि पुतण्या हितेशचा डंपर आला तसा रिव्हर्समध्ये परत गेला.

देव म्हणजे दिवा गावाजवळच्या बंद पडलेल्या मिठागरातला, बाहेरच्या बांधाच्या पायथ्याशी असलेला शेंदूर फासलेला दगड. आगरदेव. नवरा धाकू पाटील काविळीने पिवळा पडला तेव्हा आवडाबाईंनी आगरदेवाला नवस बोलला होता : धनी उठला तर पायी येऊन नारळ ठेवीन. धनी उठला. त्याच पावसाळ्यात मधला बांध फुटला, आणि घर आणि देव यांच्यामध्ये खाडी येऊन बसली. होडीने जाता आलं असतं, पण देवाला एकदा पायी म्हटलं की पायी. हितेशचा धंदा पाडलेल्या घरांचा राडारोडा टाकून भराव करायचा. खिंडार एका रात्रीत बुजवून द्यायला तो तयार होता. त्याला मिळालेलं उत्तर वर आलंच आहे.

राहिली खाडी. तिलाच कामाला लावायचं धाकूंनी ठरवलं. जन्मभर त्यांनी मिठागरातला गाळ उपसला होता. भरतीचं पाणी आत येऊन संथ झालं की गाळ खाली बसतो, हे त्यांच्या दुखऱ्या पाठीला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी खिंडारात बांबूच्या फांद्या ओळीने रोवल्या. भरती जोरात आत यायची, फांद्यांत अडखळायची, आणि जाताना दुधावरच्या सायीएवढा गाळ मागे ठेवायची.

"कवा भरंल ह्या?" आवडाबाई विचारत.

"खाडीला इचार. मी तिचा नोकर हाय."

"पगार देते का?"

"खेकडं देते की!"

एखादं उधाण सगळी कमाई धुऊन न्यायचं. धाकू ओहोटीला जाऊन पुन्हा फांद्या रोवायचे. तेवढ्या काळात घोडबंदर रोडला टॉवर उगवले. दिव्यात इमारती आल्या, त्यांच्या नळांना पाणी यायचं राहिलं. खिंडार मात्र बोटाबोटाने चढत होतं. वाहत आलेल्या बियांची तिवरं झाली, तिवरांच्या मुळांनी आणखी गाळ धरला. धाकूंच्या हाताखाली आता बराच स्टाफ होता.

मग एका थंडीत आवडाबाईंचे गुडघे सांगू लागले, यंदा नाही तर कधीच नाही. ओहोटी बघून दोघं निघाली. आवडाबाईंच्या एका हातात नारळ, दुसऱ्या हातात चपला.

"काकी, होडी तयार ठेवतो हां," हितेश काठावरून ओरडला. "रुतलीस तर बोलव."

"तुझा डंपर रुतंल मेल्या, मी नाय!"

गाळ घोट्यापर्यंत आला. त्याच्या वर आला नाही. धाकू पुढे पाय दाबून बघत होते, आवडाबाई त्यांच्या पावलात पाऊल टाकत होत्या. मध्येच "साडीची वाट लावली तुमच्या खाडीने" म्हणाल्या, पण थांबल्या नाहीत.

बांधाशी पोचल्यावर मात्र दोघं थांबली. देव दिसेना. धाकूंनी तिवरांच्या मुळांमध्ये चाचपलं. वाट जेवढी चढली होती, तेवढाच गाळ देवाच्या अंगावरही चढला होता. शेंदराचा टिकलीएवढा ठिपका तेवढा वर होता.

धाकू खाली बसले आणि दोन्ही हातांनी गाळ उपसायला लागले. एक ओंजळ काढली की बाजूचा गाळ तिथे भरून येई. त्यांचे हात थांबेनात.

"राहू द्या," आवडाबाई म्हणाल्या.

"अगो, माझ्या पायी देव पुरला."

"पुरला कसला? थंडीचे दिस हायत, पांघरून निजलाय. एवढी वर्सं भरलंत ना? मग आता उपसू नका."

आवडाबाईंनी शेंदराच्या ठिपक्याला बोट लावून ते कपाळाला लावलं, आणि नारळ त्याच्याजवळ ठेवला. नारळ थोडासा खाली गेला आणि तिथेच थांबला. तो थांबल्याची खात्री होईपर्यंत दोघं बघत राहिली.

परतताना एक फांदी कलंडलेली दिसली. धाकूंनी ती ओढून काढली आणि सरळ रोवली.

"नवस फिटला की," आवडाबाई म्हणाल्या. "आता कशाला?"

"भरती यायची हाय ना," धाकू म्हणाले, आणि आवडाबाईंच्या हातातल्या चपला आपल्या हातात घेतल्या.