आत्याचं माहेर

माझ्या सासूला मी आयुष्यभर आत्या म्हणत आले, कारण ती माझी आत्याच आहे. वडिलांची सख्खी बहीण. माझी आई मी शाळेत जायच्या आधीच गेली. तेव्हापासून सुट्टी लागली की बार्शीहून सोलापूरला आत्याकडे जायचं, तिच्या हातचं खायचं आणि ती केस विंचरताना ओरडायचं, हेच माझं लहानपण. पुढे तिच्या मुलाशी, विलासशी, माझं लग्न ठरलं, तेव्हा कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. आमच्याकडे मामाची मुलगी करतात. राखीपौर्णिमेला मी भावाला आणि चुलतभावांना राखी बांधायची, विलासला कधीच नाही. हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही.

विलासच्या नोकरीमुळे आम्ही दिल्लीला आलो आणि इथलेच झालो. लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर, माझीही एका मंत्रालयात नोकरी. सासरे गेल्यावर आत्या आमच्याकडे आली. तेव्हाच ती विसरायला लागली होती. दूध उतू गेल्यावर गॅस कुणी लावला म्हणून मलाच झापायची. पण बार्शीतलं माहेर, विहिरीवरचा रहाट, माझ्या वडिलांचं तोतरं बोलणं, हे सगळं तिला लख्ख आठवायचं. माझ्या वडिलांना पाहिलेलं आणि त्यांच्याबद्दल बोलणारं या शहरात दुसरं कोण होतं?

आमची एकुलती एक मुलगी सृष्टी. घरी अभ्यास होत नाही म्हणून जवळच मुनिरक्यात मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची आणि रविवारी धुण्याचं गाठोडं घेऊन यायची. सिव्हिल सर्व्हिसेसच्या परीक्षेसाठी तिने मानववंशशास्त्र घेतलं होतं. जेवताना ती आम्हाला शिकवायची. माणूस शेती करायला लागला, मग शेत कुणाचं हा प्रश्न आला, मग मूल कुणाचं, मग कुणी कुणाशी लग्न करायचं याचे नियम आले आणि नियम पाळले जातात की नाही हे बघायला देव बसवला. विलास म्हणायचा, "बरं झालं देवाला काम मिळालं."

एकदा तिने कागदावर त्रिकोण आणि गोल काढले. त्रिकोण म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, दोन समांतर रेघा म्हणजे लग्न. आत्याच्या गोलापासून निघून माझ्या वडिलांच्या त्रिकोणावरून फिरत रेघ माझ्या गोलापर्यंत आली आणि तिथून विलासपर्यंत. "यार आई, तुमचं लग्न माझ्या सिलॅबसमध्ये आहे!" ती नाचायचीच बाकी होती. तो कागद तिने मुनिरक्याच्या खोलीत भिंतीवर लावला. एका समाजाच्या फूटपट्टीने दुसरा समाज मोजायचा नाही, हा म्हणे त्या शास्त्राचा पहिला धडा. मला कौतुक वाटलं. मूर्ख मी.

मग अंकुर आला. तिच्याच क्लासमधला, शांत, नम्र मुलगा. घर दिल्लीतच द्वारकेला, मूळ गाव हरियाणात. दोघांनी आपापल्या घरी सांगितलं आणि एका रविवारी त्याचे आईवडील आणि बुआ, म्हणजे आत्या, आमच्याकडे आले. माणसं चांगली होती, हे मला आजही म्हणावं लागतं. मी पोहे केले होते. अंकुरच्या आईने रेसिपीही विचारली. मग त्याचे वडील जरा संकोचून म्हणाले, "भाईसाहब, एक फॉर्मॅलिटी है. लड़की का गोत्र, माँ का और दादी का. हमारे यहाँ तीनों देखते हैं."

"बिल्कुल," विलास उत्साहाने म्हणाला. "हमारा भारद्वाज. हेमलता के मायके का काश्यप. और माँ का भी काश्यप."

"दोनों का काश्यप? इत्तेफाक है."

"इत्तेफाक कैसा! एक ही घर की हैं. माँ इनकी सगी बुआ हैं." आणि तो हसला. हे ऐकून समोरचे खूश होतील, असं त्याला खरंच वाटलं होतं. दिल्लीत इतकी वर्षं काढूनही त्याला कळलं नव्हतं. मलाही नव्हतं. ऑफिसात आपण लोकांशी बजेट आणि बदल्या बोलतो, सासूला काय म्हणतो ते कुठे बोलतो?

बुआने हातातला पाण्याचा ग्लास ट्रेमध्ये परत ठेवला. भरलेलाच होता. अंकुरच्या आईने डिश हळूच बाजूला सरकवली. "मतलब आप दोनों..." एवढंच अंकुरचे वडील म्हणाले आणि पुढचा शब्द त्यांनी गिळला. मी आतापर्यंत अनेकदा स्वतःशी तो पूर्ण केलाय. भाई-बहन. ते हात जोडून उठले, आत्याच्या पायाही पडले आणि गेले. मी पोहे कचऱ्यात टाकले. कुणी ओरडलं असतं तर मलाही ओरडता आलं असतं.

पुढच्या रविवारी सृष्टी धुणं न आणताच आली. स्वयंपाकघरात उभी राहून तिने भराभर सांगून टाकलं. अंकुर अडून बसल्यामुळे त्याचे वडील तयार झाले होते. त्यांना स्वतःला अडचण नव्हती, पण गावातल्या भावकीला उत्तर द्यायचं होतं. तेव्हा दादीचं गोत्र वेगळं सांगायचं. वसिष्ठ. दादीचं माहेर बार्शी नाही, नगर. मी आत्याला आत्या म्हणायचं नाही. आणि आत्या विसरून काही बोलून जाईल, म्हणून सगळं उरकेपर्यंत तिला माझ्या भावाकडे, भालचंद्रकडे, पुण्याला ठेवायचं.

"आणि तुझी ती फूटपट्टी?" मी विचारलं.

"ते पेपरात लिहायला असतं, आई."

"आत्या कुठेही जाणार नाही. नातीचं लग्न आहे तिच्या."

"मग मी काय सांगू लोकांना? माझे आईबाबा भाऊ-बहीण आहेत?" असं म्हणून ती थांबली, पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग दारातून विलासकडे पाहिलं. ती नजर मला कळली. ती अंकुरच्या घरची नव्हती, तिची स्वतःची होती. शाळेतल्या मैत्रिणींनी, शेजारणींनी, या शहराने तिला ती हळूहळू दिली होती आणि आम्ही घरात मराठी बोलत निवांत बसलो होतो. माझा हात उठला होता. मी तो ओट्यावर आपटला.

क्वार्टरच्या भिंती त्या कसल्या! आत्याने सगळं ऐकलं. काठी टेकत ती आली आणि सृष्टीला म्हणाली, "मला पाठवू नका गं. काय बोलायचं ते शिकव मला. मी बोलेन तसं."

आणि सृष्टीने शिकवलं. परीक्षेची घोकंपट्टी करते तशीच. रोज संध्याकाळी मुनिरक्याहून यायची, पलंगावर आत्याच्या शेजारी बसायची. आजी, तुझं माहेर? नगर. गोत्र? वसिष्ठ. भाऊ? भाऊ नव्हता मला. माझी आई तुझी कोण? सून. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला "भाऊ" म्हटलं की आत्या अडायची, माझ्याकडे बघायची. मी तिथून उठून जायची. विलास बाल्कनीत वाळलेले कपडे पुन्हा पुन्हा घडी करत बसायचा. मी हे थांबवू शकले असते का? मुलीचं लग्न मोडून? मला मुलगीही हवी होती आणि आत्याही, आणि दोघी पलंगावर बसून माझ्या वडिलांना पुसून टाकत होत्या.

एकदा मी हाक मारली, "आत्या, चहा." तिने तोंड फिरवलं. "मांजी म्हण," ती म्हणाली. "सवय नको का व्हायला?"

साखरपुडा द्वारकेच्या एका हॉलमध्ये झाला. अंकुरचे ताऊजी, म्हणजे मोठे काका, गावाहून आले होते, पांढरं धोतर, करडा आवाज. ते थेट आत्यापाशी येऊन बसले. "माताजी, आपका मायका?"

"नगर. वसिष्ठ गोत्र." आत्याचं हिंदी मोडकं, पण शब्द खणखणीत होते.

"भाई-भतीजे आए हैं?"

"भाई नहीं था."

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "और ये?"

"बहू," आत्या म्हणाली. "सिर्फ बहू."

दोन खुर्च्या सोडून भालचंद्र बसला होता, तिच्या सख्ख्या भावाचा मुलगा. त्याची ओळख आम्ही ऑफिसातले मित्र अशी करून दिली होती. तो खाली बघून पेढा खात राहिला. ताऊजींनी मान डोलावली, सृष्टीने माझा हात दाबला आणि मी तो दाबू दिला.

लग्न छान झालं. सृष्टी सुखात आहे, फोन करते. "दादी कैसी हैं?" असं विचारते, कारण शेजारी कुणीतरी असतं. भिंतीवरचा तो कागद तिने मुनिरक्याची खोली सोडताना काढला असणार. मी विचारलं नाही.

आता काही लपवायचं उरलं नाही, म्हणून मी आत्याला पुन्हा आत्या म्हणायला लागले. ती ओ देत नाही. आधी मला वाटलं, रुसलीय. मग वाटलं, अजून भीती आहे. डॉक्टर म्हणाले, या वयात स्मरणशक्ती अशीच जाते, जे रोज उगाळलं ते राहतं, बाकीचं गळतं. मी तिला माझ्या वडिलांचा फोटो दाखवला. तिने तो लांब धरून, जवळ धरून पाहिला आणि नम्रपणे परत दिला, पाहुण्यांचा अल्बम देतात तसा.

काल तिचे केस विंचरत होते. अगदी विरळ झालेत, कंगवा टोचतो. ती ओरडली नाही. आरशात माझ्याकडे बघून म्हणाली, "हात हलका आहे हो तुझा, सूनबाई. आई नव्हती का गं तुला?"

"नव्हती," मी म्हटलं. "आत्याने केलं माझं सगळं."

"अच्छा," ती म्हणाली. "कुठे असते ती आता?"