पायावर पाणी

साळू घोडीच्या डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप टेकवून डॉक्टर पूर्णिमा ऐकत होत्या, आणि दोरीच्या अलीकडे उभ्या असलेल्या सत्याप्पांचा अंगठा तर्जनीवर आपोआप फिरत होता. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये मायक्रोमीटर फिरवण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. जीव टांगणीला लागला की आजही त्यांची बोटे नसलेल्या मापाचा स्क्रू आवळत राहत.

"बहात्तर," पूर्णिमा म्हणाल्या. "ठोके जास्त आहेत, अक्षरा. चौसष्टच्या वर असले तर मला पास करता येत नाही. अजून एकदाच बघणार. वेळ संपायच्या आत आण हिला."

अक्षराने आजोबांकडे पाहिले. रपेटीच्या धुळीने तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

सीमाभागात दख्खनी घोडे पाळणाऱ्यांनी मिळून एक संघ काढला होता, आणि निपाणीबाहेरच्या माळावर त्या संघातर्फे आज घोड्यांची निवड होती. उंची, बांधा, खूर यांची मापे आदल्या दिवशी झाली, त्यांत साळू नीट बसली. आज स्तवनिधी घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत यायचे होते. परतल्यावर घोडी लवकर शांत होते का, आणि लगाम धरून दुडक्या चालीने पळवली असता लंगडत नाही ना, हे पाहूनच संघ तिला पैदाशीची घोडी म्हणून स्वीकारणार होता.

नाही स्वीकारली, तर ती रवळूकडे परत जाणार होती.

रवळू लग्नाच्या वरातींना घोडे पुरवीत असे. पाठीवरची जखम भरत नाही म्हणून त्यानेच साळूला विकले होते. सत्याप्पांनी ती जखम बरी केली, स्वतःच्या हाताने खोगिराचे माप काढून नवे खोगीर शिवून घेतले, आणि आता घोडी उजळून निघाल्यावर रवळू तिला परत मागत होता. सत्याप्पांचा मुलगा दीपंकर बेळगावात, टिळकवाडीत वकिली करी. त्याने शांतपणे सांगितले होते, "आप्पा, तुमचे गुडघे गेले. अक्षरा पुढल्या वर्षी शिकायला जाणार. संघानं घेतली तर तिचं दाणापाणी, औषध सगळं संघ बघंल, घोडी आपल्याच दारात राहील. नसंल घेत, तर रवळूला देऊया. सांभाळणार कोण?" सत्याप्पांनी त्या बोलण्यात चूक शोधून पाहिली. ती सापडली नाही, म्हणून त्यांनी होकार दिला.

आणि साळूने रपेट सुरेख पुरी केली होती. शेवटच्या वळणावर, कापणीला आलेल्या तंबाखूच्या शेतांमधून ती दिसली तेव्हा तिची मान सैल होती, पाऊल सारखे पडत होते. सत्याप्पांनी सुटकेचा श्वास घेतला, आणि नेमक्या त्याच वेळी हलगी कडाडली.

वस्तीतली माणसे टेम्पो करून आली होती. आपल्या गल्लीतली पोरगी घोड्यावर बसून येते म्हटल्यावर कोण गप्प बसेल! मष्णूने हलगी शेकून तयारच ठेवली होती. फटाके नकोत, हार नकोत, घोडीच्या जवळ गर्दी नको, असे सगळे सत्याप्पांनी बजावले होते. हलगीचे मात्र बोलायचे राहून गेले. घरामागच्या शेतातल्या गोठ्यात इतकी वर्षे काढल्यावर साळू वरातीतले नाचणे विसरली असेल, असे त्यांनी गृहीत धरले होते. साळू काही विसरली नव्हती. पहिल्या ठोक्याला तिने कान टवकारले, दुसऱ्याला मान कमानीसारखी वळवली, आणि रेषा ओलांडताच ती जागच्या जागी नाचू लागली.

सत्याप्पा दोरीच्या कडेने मष्णूकडे गेले. त्यांना धावायचे होते, पण गुडघे ऐकेनात.

"मष्णू, थांबीव रं बाबा. थांबीव."

"का वो आण्णा? घोडी बघा की कशी नाचायलीय! लई खूश हाय."

"खूश न्हाय ती. कामाला लागलीय. तिच्या काळजाचे ठोके उतरंनात. ठोके न्हाय उतरले तर घोडी हातची जाईल."

मष्णूचा हात हवेतच थांबला. "मला काय ठावं? मी आपलं पोरीच्या कौतुकानं..." त्याचा चेहरा एवढासा झाला. सत्याप्पांचे स्वतःचे आजोबा जन्मभर दुसऱ्यांच्या वरातीपुढे हलगी वाजवीत चालले होते, आणि आज त्या घराण्यातली मुलगी घोडीवर होती. मष्णूवर रागावणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते परत फिरले.

हलगी थांबली. साळू थांबली नाही.

अक्षराने तिच्या मानेवर पाण्याचे मग रिकामे केले, तिला सावलीत फिरवले, तोंडाशी बोलत राहिली. तरी घोडीचे कान टोचल्यासारखे उभेच. एक पुढचा पाय उचलायचा, ठेवायचा, मग दुसरा. नाकपुड्या फुललेल्या. सत्याप्पांना तिच्या छातीखालची थरथर दुरूनही दिसत होती.

"व्हनार न्हाय आता," मागून आवाज आला. रवळू दोरीला टेकून सुपारी कातरत होता. "आण्णा, तुमी कारखान्यातलं मशीन बंद करता तसं समजलासा व्हय? ती चौकात थांबल्यागत थांबलीय. चौकात हलगी थांबती, पोरं पाणी पितात, का परत कडाडती. तिच्या लेखी वरात चालूच हाय. राणीला मी घडीवलंय, मला इचारा."

"तिचं नाव साळू आहे," सत्याप्पा म्हणाले.

"नाव काय बी ठेवा. संध्याकाळी टेम्पो आणू का?"

रवळूच्या टोमण्यात एक गोष्ट खरी होती, आणि सत्याप्पांच्या मनाने तेवढीच उचलली. वरात चालू आहे. मग ती संपते कशाने? हलगी थांबल्याने नाही. स्वार उतरल्याने नाही, अक्षरा केव्हाच उतरली होती. त्यांनी डोळे मिटले आणि साळू घरी आली तो दिवस आठवून पाहिला. टेम्पोतून उतरल्यावर ती अशीच पाय आपटत दारात उभी होती, कितीतरी वेळ. मग त्यांची बायको तानीबाई तांब्या घेऊन बाहेर आली. दारी आलेल्या जनावराच्या पायावर पाणी ओतायचे, म्हणून तिने ओतले. आणि घोडीने मान खाली टाकली होती. त्या दिवशी त्यांना वाटले, दमली असेल.

मांडवाच्या दारात तेच करतात. नवरा उतरतो, घोडीच्या पायावर पाणी पडते, आणि मग तिला कुणी काही मागत नाही.

"डॉक्टर, पाणी कुठंही घातलं तर चालतं न्हवं?"

"पाणी चालतं, आजोबा. पण मिनिटं थोडी राहिलीत."

"तानी! अगं तानी, तांब्या घेऊन ये!"

तानीबाई टेम्पोच्या सावलीत बसली होती. "तहान लागलीय व्हय?"

"मला न्हाय. साळूच्या पायावर घाल. घरात आलती त्या दिवशी घातलंस तसं."

"इथं? माळावर? हितं कुठलं दार?"

"तू हायस न्हवं. घाल."

तानीबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला, लोकांकडे न पाहता घोडीसमोर गेली आणि वाकून आधी उजव्या खुरावर, मग डाव्या खुरावर पाणी ओतले. शेवटचे थेंब तिने सवयीने बाजूला शिंपडले. "आलीस गं बाई," ती पुटपुटली.

काही झाले नाही. सत्याप्पांचा अंगठा फिरत राहिला. मग साळूचा एक कान बाजूला पडला. मग दुसरा. तिने लांब, फुरफुरता श्वास सोडला, मान खाली, आणखी खाली आणली आणि ओल्या खुरांचा वास घेतला.

"आण तिला," पूर्णिमा म्हणाल्या. त्यांनी ऐकले, घड्याळ पाहिले, पुन्हा ऐकले. "साठ."

टेम्पोजवळ आरडाओरडा झाला, पण सत्याप्पांनी हात वर करून तो दाबला. दुडकी चाल अजून राहिली होती.

अक्षरा लगाम धरून पळाली. साळू पळाली नाही. वरात संपली होती, तिचे काम झाले होते. ती पेंगुळल्यासारखी उभी राहिली. अक्षराने ओढले, चुचकारले. घोडी दोन पावले रेंगाळली आणि परत खांब झाली.

"अगं चल की! आज्जा, ही येईना!"

"पळाल्याशिवाय पाय कसे बघू मी?" पूर्णिमांच्या कपाळाला आठी पडली. "एकदा परत प्रयत्न कर. हलगी लावा म्हणू नका हं, नाचली तर लंगडते की नाचते ते कळायचं नाही."

रवळू हसला. सत्याप्पांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. ते दोरीच्या बाहेरून चालत निघाले. मैदानाचे ते टोक त्यांना घाटाइतके लांब वाटले. तिथे पोचून ते वळले आणि खिशातून वैरणीच्या खोलीची किल्ली काढली. रोज संध्याकाळी ते ती किल्ली कडीवर वाजवीत, म्हणजे साळू शेताच्या कोपऱ्यातून येई. येईल का इथे? इथे ना खोली, ना कडी. त्यांनी किल्ली दोरीच्या लोखंडी खुंट्यावर वाजवली. पहिला ठोका चुकला, त्यांनी परत वाजवली.

साळूने मान उचलली.

पुढच्या क्षणी अक्षराला तिच्याबरोबर पळावे लागले. घोडी सरळ, सैल मानेने, चारी पाय सारखे टाकत आली, आणि सत्याप्पा पाहत होते ते फक्त ते चार पाय. डावा पुढचा. उजवा मागचा. चूक शोधण्याची आयुष्यभराची सवय. ती आजही शोधत होती, आणि चूक सापडू नये असे त्यांना वाटत होते.

साळूने दोरीवरून मान आणून त्यांच्या खिशात नाक खुपसले. पलीकडे पूर्णिमांनी हात वर केला. "स्वच्छ चाल! घेतली!"

आता मात्र टेम्पोकडची माणसे कुणाचेच ऐकेनात. रवळूने सुपारी तोंडात टाकली, थोडा वेळ घोडीकडे पाहिले आणि मोटारसायकलकडे वळला. "सांभाळा तुमच्या साळूला," एवढेच बोलला.

मष्णू चोरासारखा जवळ आला. हलगी त्याने पाठीमागे धरली होती. "आण्णा, आता वाजवू?"

"घरी," सत्याप्पा म्हणाले. "ती आत बांधली, दार लावलं, की मग. आणि मष्णू, गल्लीच्या त्या टोकाला उभा राहून."

साळूला न्यायला आणलेल्या टेम्पोची फळी खाली सोडली. सत्याप्पांनी आधी वाकून फळीचे दोन्ही कोयंडे तपासले, मग ते तानीबाईकडे वळले.

"तांब्या भरून घे. घरी परत लागंल."