टेबलाखालचे सर

शनिवारी संध्याकाळी मलकापुरात कुणाकडे जायचं झालं, तर जाणती माणसं साडेसातनंतरच जात. सात ते साडेसातच्या मधे गेलं, तर दार उघडणारा मान मागे वळवूनच "या, बसा" म्हणे, आणि पाण्याचं नावसुद्धा निघत नसे. त्या अर्ध्या तासात राजकुमारच्या लोकल केबलवर 'थेट मलकापूर' लागे.

तीन छोटी प्रहसनं, मधे दोन जाहिराती, आणि सगळं थेट. चुकलं तर चुकलं, ते तसंच घरोघर जाई. दिवाळीनंतर सुरू होऊन दहा शनिवार चालायचं, आणि या दहा शनिवारांना राजकुमार ऐटीत 'सीझन' म्हणे. स्टेशन रोडला सरकी-ढेपेच्या दुकानावर एक खोली होती, तोच स्टुडिओ. एक कॅमेरा, दोन दिवे, टेबलावर एक माईक, आणि कॅमेऱ्याच्या मागे सतरंजीवर बसलेले पंधरा-वीस प्रेक्षक. रूळ इतके जवळ की गाडी आली की कप बशीत वाजत. शब्द ऐकू येणं शक्यच नसे. म्हणून नियम असा होता की गाडी आली की नटांनी असतील तसे पुतळे व्हायचं, आणि शेवटचा डबा गेला की पुढचं वाक्य. गावातली पोरं शाळेतही तसंच खेळायला लागली होती.

लिहायचे भालचंद्र सर. सदतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. काम करायचे दोघं: एसटीतला कंडक्टर इंद्रभान आणि अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या गोजरबाई. गोजरबाई उभ्या राहिल्या की नुसत्या पदर खोचण्यावर लोक हसत, पण त्यांच्या डोक्यात वाक्य काही टिकत नसे. पहिल्या भागाच्या वेळी सरांनी त्यावर तोड काढली. खोलीत आडोसा कुठे नव्हता. टेबलावर जमिनीपर्यंत लोळणारी चादर टाकली आणि सर वही-टॉर्च घेऊन टेबलाखाली बसले. माईक टेबलावरच आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

भर खेळात गोजरबाई थांबल्या. टेबलाखालून आवाज आला, "बाई, आता तुम्ही रडायचं आहे."

"कायले?"

"ते लिहिताना मलाही कळलं नव्हतं. पण रडा."

त्या दिवशी गाव जे हसलं ते हसलं. राजकुमारचा फोन रात्री जेवू देईना. सगळ्यांचं एकच म्हणणं, 'तो टेबलाखालचा मानूस काढजो नोको बे.' दुसऱ्या शनिवारपासून सर भाजी घ्यायला निघाले तरी लोक त्यांना चेहऱ्याने नाही, आवाजाने ओळखायला लागले.

सरांची मुलगी रेवती पुण्यात एका प्रकाशनात मुद्रितशोधन करायची. दर शनिवारी रात्री बाबा तिला त्या भागाची लिंक पाठवत, आणि दर रविवारी सकाळी ती उलट एक अंगठा पाठवी. पाहिला एकही नव्हता. एकदा दोन मिनिटं लावला, तेव्हा गोजरबाई कॅमेऱ्याकडे पाठ करून काहीतरी बोलत होत्या. तिने बंद केला आणि अंगठा पाठवला.

नववा भाग झाला, आणि त्यानंतरच्या बुधवारी सर दुधाची पिशवी घेऊन जिना चढताना तिसऱ्या पायरीवर बसले ते उठले नाहीत.

दोन शनिवार राजकुमारने जुने भाग लावले. तेरावं झालं, पाहुणे गेले. रेवतीने बाबांच्या खोलीत बसून मोबाईलवर नऊच्या नऊ भाग ओळीने पाहिले. मधेच ती मोठ्याने हसली, तेव्हा आई, स्नेहलताबाई, दारात येऊन उभी राहिली. "कितवा?" म्हणाली. रेवती म्हणाली, "चौथा. म्हशीच्या विम्याचा." आई म्हणाली, "सातवा बघ," आणि गेली.

तिसऱ्या आठवड्यात राजकुमार आला. तो सरांचा विद्यार्थी. चाळिशी उलटली तरी त्यांच्या घरात खुर्चीच्या कडेवरच बसायचा.

"ताई, सरनं दहावा भाग लिहून ठेवला व्हता म्हनत. वही पाह्यजे व्हती."

"आहे. नोव्हेंबरातच लिहून झालाय." रेवतीने वही आणली. "पोर्शन कधी मागे ठेवला का त्यांनी?"

"मी बी तेच म्हनलो. येत्या शनिवारी करून टाकू. पन गोजरबाई आडून बसली. म्हनते, टेबलाखाली कोनी नसन तं मी उभी राहत नाई."

"मग कुणीतरी बसवा."

राजकुमारने चहाचा कप खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"मी?" रेवती म्हणाली. "मला नाटकातलं काही कळत नाही. आणि रविवारी मी निघणार आहे."

"शनिवार रविवारच्या आंधी येते ना ताई."

आई आतून म्हणाली, "उशी लागेल खाली. त्यांचा पाट तिथेच आहे."

अशा तऱ्हेने ते ठरलं. रेवतीच्या मनात एकच होतं. बाबांनी लिहिलेलं हे शेवटचं. ते त्यांच्या शब्दांत, कानामात्रा न हलता गावापुढे जावं. त्याहून जास्त तिला काही नको होतं, आणि त्याहून कमी चालणार नव्हतं. गोजरबाई काय वाट्टेल ते बोलतात, हे तिने नऊ भाग पाहिलं होतं. म्हणून शुक्रवारी बसून तिने आधीचे भाग चाळून वहीतला दहावा भाग सबंध स्वच्छ टाईप केला आणि तीन प्रती काढून आणल्या. वहीत मधेमधे एखादी ओळ उगाचच मोकळी सुटलेली होती. कुठे एक, कुठे दोन, शेवटच्या प्रहसनात तर तीन-चार ठिकाणी. बाबांना कागदाची कदर कधीच नव्हती. पंधरा वर्षांच्या सवयीने तिने त्या मोकळ्या जागा मिटवून टाकल्या. आठ पानांचा मजकूर सहा पानांत बसला.

गोजरबाईंनी ती पानं हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. "किती साजरं छापलं वं. लग्नपत्रिकेसारखं." आणि घडी करून कमरेला खोचली. पुन्हा काही त्या घडीला हात लागला नाही.

शनिवारी पावणेसातला रेवती टेबलाखाली शिरली. पाट होता. पाटाच्या बाजूला खडीसाखरेची डबी होती, अर्धी भरलेली. टेबलाच्या आतल्या बाजूला खडूने गाड्यांच्या वेळा लिहिल्या होत्या, आणि प्रत्येकीपुढे कंसात 'खरी वेळ', ती कुठे वीस मिनिटं पुढे, कुठे पन्नास. अक्षर फळ्यावरचं, डोक्यावर रेघ दिलेलं, गोल. तिने टॉर्च पानांवर वळवला.

पहिली दोन प्रहसनं चोख झाली. गोजरबाई दोनदा अडखळल्या. रेवतीने अगदी हळू, माईकला कळणार नाही असं वाक्य पुरवलं. त्यांनी ते उचललं. शब्द न् शब्द जागच्या जागी पडला. सतरंजीवरून हसू आलं, पण लग्नात ओळख नसलेल्या पंगतीत बसल्यावर माणूस हसतो तसं. रेवतीला ते जाणवलं. पण मजकूर बरोबर गेला होता.

तिसरं प्रहसन बँकेतलं. इंद्रभान हयातीचा दाखला द्यायला आलेला पेन्शनर, गोजरबाई टेबलामागच्या मॅडम.

"अंगठा ठेवा," मॅडम म्हणाल्या. "नाई आला. पुसून ठेवा. नाई आला. दुसरा ठेवा. मशीन म्हनते, असा मानूस नाई."

"मॅडम, मी उभा हावो ना तुमच्यापुढं!"

"ते मले दिसून राह्यलं. मशीनले दिसून नाई राह्यलं. आन् पेन्शन मशीन देते, मी नाई देत."

"मंग मी काय करू?"

"याले वळखनारं कोनी हाये का इथं?"

आणि गोजरबाई थांबल्या.

रेवतीच्या पानावर पुढचं वाक्य इंद्रभानचं होतं. तिने कुजबुजून दिलं, "नाही मॅडम, मी एकटाच आलो."

इंद्रभानने ते उचललं नाही. तो होता तसाच उभा राहिला. वरून टेबलावर दोनदा टकटक झालं.

"मी इचारलं," गोजरबाई सावकाश म्हणाल्या, "याले वळखनारं, कोनी, हाये का इथं?"

रेवतीने टॉर्चच्या उजेडात ओळ पुन्हा पाहिली, तिच्या खालची पाहिली. दोन्ही ओळींच्या मधे केस जाईल एवढीही फट नव्हती. वहीत इथे एक ओळ मोकळी होती. दोन्ही बाजूंना लिहिलेलं, मधे नुसती निळी रेघ.

नवव्या भागात बाबा जे बोलले होते, ते वहीत कुठेच नव्हतं. आठव्यातलंही नव्हतं. 'ते लिहिताना मलाही कळलं नव्हतं' हे तर कुणी लिहून ठेवणं शक्यच नव्हतं. आपण कागद वाचवला नव्हता. बाबांची वाक्यं जिथे यायची ती जागाच बुजवून टाकली होती.

"हो," रेवती म्हणाली. या वेळी कुजबुजून नाही, मोठ्याने. "मी ओळखते."

सतरंजीवर कुणीतरी "आँ!" केलं.

"कोन बोललं?"

"मी. टेबलाखालून."

"तू याची कोन?"

"मुलगी."

"पुरावा?"

पहिलं खरं हसू आलं ते इथे. रेवतीने पानं उलटी करून ठेवली आणि टॉर्च बंद केला.

"चहात बिस्कीट बुडवतात. दर वेळी तुटून आत पडतं. मग चमच्याने शोधतात, आणि सापडलं की म्हणतात, हे घे, तुझ्यासाठीच ठेवलं होतं."

"हे तं समदेच म्हातारे करतात वं. माह्या घरचा बी असाच व्हता. त्याच्यावर पेन्शन नाई भेटत. दुसरं सांग."

"गाड्यांचं अख्खं वेळापत्रक पाठ आहे. स्वतःचा मोबाईल नंबर पाठ नाही."

"काऊन पाठ करू?" इंद्रभान उसळला. "मी सोतालेच फोन लावतो का?"

सतरंजी उलथीपालथी झाली. खाली सरकीच्या पोत्यांवर बसून मोबाईलवर पाहणाऱ्या हमालांचं हसणं जिन्यातून वर आलं. गोजरबाईंनी हसू ओसरू दिलं. ते त्यांना बरोबर कळे.

"आनखी?"

"फोन केला की विचारतात, जेवलीस का. हो म्हटलं की ठेवून देतात."

"मंग फोन करते कायले?"

रेवती उत्तर द्यायला गेली आणि लांबून भोंगा ऐकू आला. गोजरबाईंनी शिक्का उचलला होता. तो हात तसाच वर राहिला. इंद्रभानचा अंगठा मशीनवर. खोलीतले सगळे पुतळे झाले, सवयीने प्रेक्षकसुद्धा. मालगाडी होती, लांबलचक. टेबल थरथरलं, खडीसाखर डबीत खुळखुळली. रेवतीने चाचपडत एक खडा उचलून तोंडात टाकला. टेबलाखाली बघणारं कुणी नव्हतं, आणि त्या आवाजात ऐकणारंही. सगळे डबे जाईपर्यंत तिला वेळ मिळाला, आणि तो पुरला.

शेवटचा डबा गेला. शिक्का धाडकन टेबलावर पडला, तिच्या डोक्याच्या अगदी वर.

"हाये! जिता हाये. न्या पेन्शन." मग चादर उचलून गोजरबाईंनी वाकून आत पाहिलं, तोंड माईकपाशी ठेवून. "आन् बाई, पुढच्या साली बी येजो यायच्यासंगं. मशीनचा काई भरोसा नाई."

दिवे बंद झाल्यावर रेवती टेबलाखालून निघाली, तेव्हा तिच्या एका पायाला पार मुंग्या आल्या होत्या. गोजरबाईंनी दंडाला धरून उभं केलं.

"पयले दोन खेळ कशी उंदरावानी बोलत व्हतीस वं! मी म्हनलं, सरची पोट्टी हाये का कोन हाये."

"मला माहीतच नव्हतं, मोकळ्या ओळी..."

"मोकळी वळ सरची राहे. आमाले साऱ्यायले म्हाईत. चार वाक्यं मी खरंच इसरते, बाकीचं त्यायच्यासाठी थांबते." त्यांनी कमरेची घडी काढून परत केली. "हे छापलेलं घे. नवंकोरं हाये."

राजकुमार फोन कानाला लावून जिन्यात उभा होता. एक ठेवला की दुसरा. तिला बघून त्याने फोनवर हात ठेवला. "ताई, सरनं लिव्हलं व्हतं तसंच झालं," एवढंच म्हणाला आणि पुन्हा बोलायला लागला.

घरी आई टीव्हीसमोरच बसली होती. जाहिराती चालू होत्या.

"आवाज आला का नीट?" रेवतीने विचारलं.

"आला की. आपल्या टीव्हीतून, शेजारच्या टीव्हीतून, वरच्या मजल्यावरून. बिस्किटाचं गावभर सांगायची काय गरज होती?"

"खरं तेच सांगितलं."

"खरं?" आई उठली. चहाचं आधण तिने आधीच ठेवलेलं होतं. "बुडालेलं बिस्कीट ते मला द्यायचे. बेचाळीस वर्षं. तुला कधी दिलं?"

"मला द्यायचे, आई. शाळेत असताना, रोज."

"शक्यच नाही."

"विचार कुणालाही."

आईने दोन कप भरले. बिस्किटाचा पुडा दोघींच्या मधे ठेवला, एक उचललं, आणि त्यावरून वाद घालता घालता ते मुद्दामच जरा जास्त वेळ चहात धरून ठेवलं.