महिला सरपंचांचा अभ्यास दौरा

मी केराबाई. सांगोल्याकडच्या आमच्या गावची सरपंच. निवडून येऊन दोन वर्सं झाली, पर गाव ‘सरपंच’ म्हणून हाक मारतंय ती आमच्या मालकांना, हिंदुरावांना. ग्रामसभेत खुर्चीवरबी तेच बसत्यात. मी आपली कागदावर अंगठ्यापुरती, आन् मी तर धा यत्ता शिकलेली!

मग निघाला महिला सरपंचांचा अभ्यास दौरा, कोकणात समुद्रकाठच्या किल्ल्यावर. बसमधी चढून बघते तर काय, आठ गावच्या महिला सरपंचांचे आठ नवरे! बाई म्हणून मी एकटीच. आमचे मालक खिडकीला बसलेले. म्हणाले, “तू कशाला आलीस?” आता काय बोलावं ह्या माणसाला!

किल्ला जुन्या फौजेचा. दारूगोळा ठेवायला कातळात भुयारं खोदलेली. मोबाईल गेटवरच काढून घेतले. दौऱ्याचे साहेब भायेर थांबले, गाईड पुढं, आमी मागं. मधोमध गेलो आन् लाइटच गेली.

“बघून येतो,” म्हणून गाईड गेला तो गेलाच. डोळ्यात बोट घातलं तरी दिसंना. निवडणुकीत दंड थोपटणारे गडी देवाची नावं घ्याय लागले. एक म्हणाला, “अवो हिंदुराव, तुमी सरपंच, व्हा की पुढं!”

“मी कुटला सरपंच? सरपंच ही हाय!” मालक वरडले. दोन वर्सांत पयल्यांदा.

लई राग आला मला. आन् खरं सांगते, लई बरंबी वाटलं.

माझा जल्म मेंढरामागं गेलाय. गालाला गार वारं लागत हुतं, म्हंजे वाट तिकडंच. म्हणलं, “नेते भायेर. पर आदी सांगा, ग्रामसभेत खुर्चीवर कोण बसणार?”

“तू.”

“तू?”

“तुमी! तुमीच बसा, सरपंच!”

“मग धरा एकमेकाचे खांदे.” आन् नेले की सगळे कळपागत.

भायेर आलो तर समोर समुद्र. साहेबांनी क्यामेरा काढला, “सरपंच, या फोटोला,” म्हणाले. सवयीनं आठही नवरे पुढं झाले. आमच्या मालकांनी एक पाय टाकला, मागं त्या भुयाराकडं बघितलं, आन् गपचूप माझ्या हातातली पिशवी घेऊन कडंला उभे राहिले.

तो फोटो आता पंचायतीत लावलाय. येणारा-जाणारा इचारतो, पिशवी धरलेला गडी कोण?

मी म्हणते, “त्यो व्हय? सरपंचाचा नवरा.”