अण्णांचा लिंकन

"शेवट तेवढा गाळू या का, सुप्रभाताई?" हरीशने चहाचा कागदी कप खाली ठेवत विचारलं. "म्हणजे कसं आहे, गणपतीचा प्रोग्रॅम. लहान मुलं समोर. त्यात गोळी घालून मारलं वगैरे..."

"आणि तुझ्याकडे यंदाच..." कुमुदिनीकाकूंनी वाक्य तिथेच सोडलं.

टोकियोच्या फुनाबोरीतल्या सार्वजनिक हॉलमध्ये मंडळाची बैठक चालली होती. या गणपतीत सुप्रभाचे वडील कीर्तन करायचे होते. व्हिसा आला होता, तिकीट निघालं होतं. जूनमध्ये अण्णा गेले. ती विमानाने कराडला पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. थांबू नका, असं फोनवर तिनेच भावाला सांगितलं होतं.

"गाळते," ती म्हणाली. "पण कीर्तन मी करणार."

"तुम्ही?" हरीश गडबडला. "नाही, म्हणजे... पेटीवर मी आहेच."

अण्णा कराडच्या पोस्टात तारमास्तर होते. दिवसभर कट्ट-कडकट्ट करून लोकांचे जन्म-मृत्यू, बदल्या आणि लग्नं गावोगाव पाठवायचे आणि सुट्टीच्या दिवशी डोक्याला फेटा बांधून राष्ट्रीय कीर्तनाला उभे राहायचे. बाकीचे बुवा शिवाजीमहाराज, टिळक लावायचे. अण्णांचं हुकमी आख्यान अब्राहम लिंकनचं. "अमेरिकेचा अध्यक्ष कीर्तनात कसा हो चालतो?" कुणी विचारलंच, तर म्हणायचे, "रावण चालतो ना? मग लाकूडतोड्याच्या पोराने काय घोडं मारलंय?" आसपासच्या गावांत त्यांना लिंकनबुवाच म्हणत. परकर-पोलक्यातली सुप्रभा मागे झांजा घेऊन उभी असायची. तिला ते आख्यान कुणी शिकवलं नव्हतं; ते अंगात मुरलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी ती नऊवारी नेसून, चिपळ्या घेऊन उभी राहिली, तेव्हा तिचा नवरा शिरीष तिच्या कानाशी आला. त्याच्या बँकेच्या बदलीमुळेच ते इथे आले होते. "जमेल ना? नाहीतर सांग, अंताक्षरी घेऊ."

"अंताक्षरी घेतलीस तर बघच."

"हाय, हाय," असा जपानी होकार भरत तो जपान्यासारखा कमरेत वाकला आणि पळाला. तिला हसू आलं, आणि हसता हसताच तिने नमन धरलं.

पूर्वरंग नीट झाला. काकूंनी तिला बुक्का लावला, गळ्यात हार घातला. मग तिने आख्यान लावलं. ओंडक्यांचं घर, मातीची जमीन, शेकोटीच्या उजेडात वाचणारा उंच पोरगा. दारांना आपोआप उघडायची सवय असलेल्या देशात वाढलेली मुलं तोंडं उघडी टाकून ऐकू लागली. अक्षया, तिची मुलगी, मैत्रिणीच्या कानात जपानीतून भाषांतर करत होती.

"नऊ वर्षांचा असताना आई गेली," सुप्रभा सांगत होती. "जंगलात सुतार कुठला? बापाने शवपेटी केली. आणि असं सांगतात, की तिला लागणाऱ्या लाकडाच्या खुंट्या त्या पोराने स्वतः तासल्या. आईसाठी..."

पुढचा शब्द येईना. हरीशने पेटीवर सूर धरून ठेवला. नऊ वर्षांच्या पोराच्याही हाताला काम मिळालं होतं. आपण पोहोचलो तेव्हा अंगणसुद्धा धुऊन झालं होतं.

ती घोटभर पाणी प्यायली आणि तिने कथा पुढे नेली. दुकान, वकिली, हरलेल्या निवडणुका, मग अध्यक्षपद. देश दुभंगला, भाऊ भावावर उठला, गुलामांच्या बेड्या तुटल्या. अखेर युद्ध संपलं. ठरल्याप्रमाणे इथे भैरवी घ्यायची होती. हरीशने भैरवीचा सूर दिला.

सुप्रभाने मान हलवली. नाही.

"ताई," तो दबक्या आवाजात म्हणाला, "ठरलंय आपलं. आणि हॉलचे तानाका-सान किल्ली घेऊन दारात उभेत."

"उभे राहू देत. ऐकतील."

पहिल्या रांगेत कुमुदिनीकाकूंनी पदर सावरला. "सांग गं," त्या म्हणाल्या.

मग तिने सांगितलं. ते नाटकगृह, ती गोळी, समोरच्या घरात उचलून नेणारे अनोळखी हात. "पलंग आखूड पडला. तिरपं निजवावं लागलं. अण्णा म्हणायचे, मोठ्या माणसाला शेवटची जागा नेहमी आखूडच पडते." आवाज कापला नाही. "सकाळी तो गेला. आणि बातमी तारेवर चढली."

इथे अण्णा 'मृत्यू' हा शब्द कधी उच्चारत नसत. चिपळ्या जवळ धरून ते ती तार ठोकत, खरीखुरी, अक्षरागणिक. मागे उभ्या सुप्रभाखेरीज त्यातलं एक अक्षर कुणाला कळायचं नाही, पण ज्यांच्या दारात कधी तार आली होती, ते माना खाली घालायचे.

सुप्रभाने चिपळ्या उचलल्या. कट्ट, कडकट्ट. लिंकनचं नाव ठोकून झालं. बोटं थांबली नाहीत. तिने पुढे कराडच्या तारमास्तरांचं नाव ठोकलं, सावकाश, एकही अक्षर न गाळता. हॉलमध्ये ते एकालाही कळलं नाही. तिने चिपळ्या खाली ठेवल्या.

एरवी कशालाही टाळ्या वाजवणारी इथली मुलं हात मांडीवर ठेवून बसली होती. अक्षयाचं भाषांतर कधीच थांबलं होतं. दारातल्या तानाका-सानांनी किल्ली खिशात टाकली आणि दोन्ही हात पँटच्या शिवणीला लावून ते ताठ उभे राहिले.

आरती झाली. कीर्तनकाराला नमस्कार करायला रांग लागली. सगळ्यात पुढे कुमुदिनीकाकू, वयाने थोर, पण रीत म्हणून वाकलेल्या. त्यांचे हात पावलांपर्यंत यायच्या आत अण्णांना जागा करून दिल्यासारखी सुप्रभा एक पाऊल बाजूला सरकली. काकूंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेला नमस्कार करून त्या पुढे गेल्या, आणि त्यांच्यामागे हळूहळू सगळी रांग.