जुसाराचा निळा कोट

मी एक निळा ब्लेझर बोलतोय. पण आधी जरा मागे वळून बघा, कुणी कान देऊन ऐकत नाही ना? हसू नका, बघा. मी थांबतो.

हं. तर माझा जन्म ब्राझीलमधल्या पेलोतास गावचा. दोना नैर नावाच्या शिंपिणीनं मला शिवलं. बाई हाडाची संशयी. दुकानदारानं मोजून दिलेलं कापड घरी येऊन पुन्हा तीनदा मोजायची, आणि सुई हरवली की आधी मांजरीकडे रोखून बघायची. माझ्या अस्तरात तिनं एक चोरखिसा केला आणि ज्या मुलीसाठी मला शिवलं त्या जुसाराला बजावलं, "पोरी, परमुलखात बाहेरच्या खिशात रुमालाशिवाय काही ठेवू नकोस. आणि जो फार हसून बोलेल त्याच्यापासून दोन हात लांब राहा." मी तेव्हा तिच्या मांडीवरच होतो. पहिल्या काजाबरोबर ते शब्दही माझ्यात शिवले गेले, त्याला मी काय करणार?

जुसारा तेव्हा सोळा वर्षांची. शाळेचं एक वर्ष परदेशात, परक्या कुटुंबात राहून काढायचं, अशी तिथल्या एका क्लबाची योजना होती. जाणाऱ्या पोरांनी निळा कोट घालायचा आणि भेटेल त्याच्याशी बिल्ल्यांची देवाणघेवाण करून ते कोटावर टोचायचे, असा रिवाज. लोकांना त्याचं भारी कौतुक. मला विचाराल तर एकेक बिल्ला म्हणजे मला एकेक भोक.

माझ्या चोरखिशात एक कागद होता. जुसारानं सही केलेले नियम. त्यातला पहिलाच, गाडी चालवायची नाही. मोडला, की पुढच्या विमानानं घरी.

आणि असं घरी परतणं म्हणजे काय, ते जुसाराला चांगलं ठाऊक होतं. तिचा मामेभाऊ एवांद्रो असाच गेला होता आणि घरच्या आठवणीनं रडत चाळीस दिवसांत परत आला होता. गल्लीत त्याला आजही "चाळीस दिवस" म्हणूनच हाक मारतात. निघायच्या आदल्या दिवशी जुसारानं मला अंगात घातलं, आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काहीही होवो, वर्ष पुरं केल्याशिवाय मी यायची नाही." तिचं काळीज धडधडत होतं. मला कळणार नाही तर कुणाला?

आम्ही उतरलो कॅनडात, सस्कॅचेवानमधल्या ओक हिल गावी. गावात ओकचं झाड औषधाला नाही आणि टेकडी तर नाहीच. नावातच अशी बनवाबनवी, तर माणसं कशी असतील? माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

यजमान होते वासिलिक कुटुंब. ऑरेस्ट वासिलिक शेतकरी, आवाज असा की शेजारच्या शेतात ऐकू जावा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मला ऑरेस्ट म्हण, बाबा म्हण, काय वाट्टेल ते म्हण. फक्त जेवायला वेळेवर ये." त्याची बायको मार्लीन. ती ताटात वाढता वाढता थांबतच नसे. इतकं कोण कुणाला फुकट खायला घालतं? मी डोळ्यांत तेल घालून बसलो.

त्या घराला कुलूप नव्हतं. दिवसा नाही, कुणी गावाला गेलं तरी नाही. गावात फक्त सप्टेंबरात लोक आपापल्या गाड्यांना कुलूप लावायचे, आणि तेही चोरांच्या भीतीनं नाही. ज्याच्या परसात झुकिनी, म्हणजे काकडीसारखी एक भाजी, जास्त पिकली, तो ती गुपचूप दुसऱ्याच्या गाडीत टाकून पळायचा. आमच्याही सीटवर एकदा पिशवी सापडली. नाव नाही, गाव नाही. मार्लीननं त्या झुकिनीचा केक केला आणि सगळ्यांनी खाल्ला! कुणालाही काही झालं नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

पण माझा खरा डोळा होता त्यांच्या मुलीवर. लारिसा, सतरा वर्षांची. तिनं आपली अर्धी खोली जुसाराला दिली होती. बोलायची कमी, हातात सदा फोन, आणि येता-जाता फोटो. जुसारा जेवताना, जुसारा पेरोगीच्या, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्यांच्या, पाऱ्या लाटताना, जुसारा कोंबड्यांना घाबरून पळताना. जी मुलगी बोलत नाही आणि फोटो काढते, तिच्या मनात काय आहे हे ओळखायला शिंपीण कशाला हवी? कुठंतरी पाणी मुरत होतं.

जुसाराला मात्र ती आवडायची. बिचारी भोळी. दोघी शाळेच्या बसमध्ये एकाच सीटवर बसायच्या आणि एकीच्या कानातलं गाणं दुसरीच्या कानात.

दर बुधवारी दुपारी त्याच क्लबाच्या गावातल्या शाखेचं जेवण असे. एका बुधवारी जुसाराला शाळेतून सुटी काढून तिथं भाषणाला बोलावलं. तिथली एक पद्धत बघून तर मी चक्रावलोच. जेवण झालं की पत्र्याचा डबा फिरवतात. ज्याच्याकडे काही आनंदाची बातमी असेल त्यानं उभं राहायचं, डब्यात एक डॉलर टाकायचा आणि बातमी सांगायची. कुणाला नातू झाला, कुणाची गाय सापडली. आनंद सांगायला पैसे मोजायचे? मी म्हटलं, यात नक्की काहीतरी गोम आहे. जुसारा तर खुदखुदून हसत होती.

त्या दिवशी घरी जाऊन कपडे बदलायला वेळच मिळाला नाही. पश्चिमेला ढग चढत होते आणि ऑरेस्टचा गहू अजून शेतात उभा होता. मार्लीन तिला आणि जेवणाचे डबे पिकअपमध्ये घालून थेट शेतावर घेऊन गेली, आणि लगेच धान्याच्या ट्रकवर चढली. ऑरेस्ट हार्वेस्टरवर, लारिसा ट्रॅक्टरवर. पिकअपजवळ उरलो आम्ही दोघंच, जुसारा आणि मी.

तेवढ्यात गाडीतला वायरलेस खरखरला. "जुसारा, ती पिकअप पलीकडच्या शेतात आण गं जरा. भूक लागलीय."

"ऑरेस्ट, मला गाडी चालवायला बंदी आहे."

"गाडी रस्त्यावर चालवतात. हे शेत आहे! आमच्याकडे बारा वर्षांची पोरंसुद्धा आणतात."

"पण मला येत नाही."

"डावा पाय वर ठेव, उजवा हळूच दाब. धसकटाला काय धक्का लागणार आहे? ये, ये. पाऊस येतोय."

लबाडी नव्हती हो त्याच्या मनात. त्या मुलखात शेतात पिकअप हलवणं म्हणजे खुर्ची सरकवण्यासारखं. नियमाचा आणि याचा काही संबंध असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. पण मी कागद छातीशी बाळगून होतो. मी ओरडत होतो, नको, नको! माझ्या तोंडाला बटणं. कोण ऐकणार?

जुसारानं चालवली. धसकटांवरून, सपाट बांध ओलांडून, दुसऱ्या शेतात. मधे रस्ता नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. ती मोठ्यानं हसत होती, पोर्तुगीजमध्ये काहीबाही ओरडत होती. इतकी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती. आणि मी मान वर करून बघतो तर काय? ट्रॅक्टरच्या काचेतून लारिसाचा फोन आमच्यावर रोखलेला.

आठ दिवस काही घडलं नाही. नवव्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, क्लबाचे मिस्टर ग्रीअर यांचा फोन आला. निवृत्त मास्तर, गावातल्या सगळ्या परदेशी पोरांची जबाबदारी त्यांच्याकडे. जुसारानं गाडी चालवल्याचं जिल्ह्याच्या समितीला कळलंय, रविवारी समितीच्या मिसेस पॅकर्ड घरी येतील. जुसाराच्या तोंडचं पाणी पळालं.

सांगितलं कुणी? हाच एक प्रश्न. माझं उत्तर तयार होतं. आणि शुक्रवारी पुरावाही मिळाला.

शाळेतून आल्यावर जुसारा मला घ्यायला मागच्या दाराशी कोटांच्या खोलीत आली. दार किलकिलं होतं. बाहेर पायरीवर लारिसा फोनवर बोलत होती, हळू आवाजात.

"फोटो आहे माझ्याकडे, मिस्टर ग्रीअर. स्टिअरिंगवर तीच आहे, स्पष्ट दिसतं... हो, उद्या आणून दाखवते... नाही, तिला अजून सांगितलं नाही."

बघा! सांगत नव्हतो मी? चोर रंगेहाथ सापडला.  जुसारानं दार लोटलं.

"तूच ना?"

लारिसा दचकली. "काय मीच?"

"सगळं ऐकलंय मी. खोली परत हवी होती तर तोंडावर सांगायचंस. सोफ्यावर झोपले असते. गाणी काय ऐकवत होतीस, फोटो काय काढत होतीस! मला वाटायचं, हिला मी आवडते. तू पुरावे गोळा करत होतीस!"

"तुला असं वाटतं?"

"वाटत नाही, दिसतंय."

"खरंच असं वाटतं तुला, जुसारा?"

"हो!"

लारिसाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं फोन पुढं धरला, जुसाराच्या डोळ्यांदेखत तो फोटो उघडला आणि पुसला. "जिथून परत मिळवता येतो, तिथूनही पुसला. आता बस निवांत." आणि कोंबड्यांच्या खुराड्याकडे निघून गेली. मी मनात म्हटलं, पकडली गेली म्हणून घाबरली. मला तेव्हा जे समाधान वाटलं ना, त्याची आज लाज वाटते.

रविवारी स्वयंपाकघरात सगळे जमले. जुसारानं मला घातलं होतं, बिल्ले सरळ केले होते. मिसेस पॅकर्ड दुष्ट नव्हत्या. वही उघडून म्हणाल्या, "या बुधवारी मी तुमच्या क्लबात पाहुणी होते. मिस्टर वासिलिक, डब्यात डॉलर टाकून तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

ऑरेस्टचा घास हातात राहिला. "मी? मी म्हटलं, माझा आनंदाचा डॉलर जुसारासाठी. पाऊस यायच्या आत पोरीनं पिकअप आणून दिली, आणि आमच्या लारिसापेक्षा सरळ चालवली." मग त्याचा तो मोठा आवाज एकदम बसला. "अरे देवा. मी तर कौतुक करत होतो."

मी गार झालो. चुगली नव्हती, चोर नव्हता. एका बापानं चाळीस माणसांसमोर पोरीचं कौतुक केलं होतं, इतकंच.

मिसेस पॅकर्ड म्हणाल्या, "शेतातल्या शेतात हलवली असेल तर मी ताकीद देऊन सोडेन. रस्त्यावर गेली असेल तर माझ्या हातात काही नाही."

"रस्ता नव्हताच मधे," मार्लीन म्हणाली.

"तुम्ही तिच्या घरचे. तुम्ही दुसरं काय सांगणार? ग्रीअर म्हणाले, एक फोटो आहे. त्यात खालची धसकटं दिसतात."

मिस्टर ग्रीअरनी चष्मा काढला. "लारिसानंच शुक्रवारी फोन केला होता. म्हणाली, याचा जुसाराला उपयोग होईल का? म्हटलं, होईल तर. पण पोरीला आत्ताच खोटी आशा लावू नकोस, आधी मला बघू दे. काल तिची वाट बघत होतो."

सगळ्यांनी लारिसाकडे पाहिलं.

"होता फोटो," ती म्हणाली. "पुसला गेला."

"कसा?"

तिनं जुसाराकडे पाहिलंही नाही. "चुकून. माझ्याच हातून."

जुसाराचा गळा माझ्या कॉलरला टेकला होता. तिथं शब्द आले होते, मला जाणवले. चुकून नाही, माझ्यामुळे. एवढंच म्हणायचं होतं.  पण ती गप्प बसली. मिसेस पॅकर्डनी वही मिटली. "मग मंगळवारचं विमान," त्या म्हणाल्या.

मंगळवारी सस्कटूनच्या विमानतळावर वासिलिक तिघंही आले होते. ऑरेस्ट रडत होता, उघड उघड, नाक पुसत. जुसारानं मला अंगातून काढलं आणि पिकअपच्या सीटवर ठेवलं. हा कोट घालायचा हक्क आपल्याला राहिला नाही, असं तिला वाटलं असावं. तिनं मार्लीनला मिठी मारली, ऑरेस्टला मारली. लारिसापुढं आली, खाली बघत "येते" म्हणाली आणि वळली. लारिसा मला घेऊन तिच्यामागं धावली, पण ती तपासणीच्या पलीकडे गेली होती.

तेव्हापासून मी इथं मागच्या दाराशी टांगलेला आहे, शेतातल्या कोटांच्या गर्दीत. माझ्या खांद्यांवर गव्हाची धूळ बसलीय. लारिसा ती अधूनमधून झटकते.

दर रविवारी दुपारी ती माझ्या खालच्या बाकावर बसते आणि पेलोतासला फोन लावते. घंटा वाजत राहते. कुणी उचलत नाही. मग ती निरोप ठेवते. गेल्या रविवारचा मी शेवटपर्यंत ऐकला, एक अक्षर न सोडता. "जुसारा, बर्फ पडलं गं इथं. बाबा अजून जेवताना तुझ्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाहीत. मी रागावले होते, खोटं नाही सांगत. दोन दिवस. आता नाही. फोन उचल ना."

जुसारा गुन्हेगाराला घाबरत नाही, माफ करणाऱ्याला घाबरते. तिच्या गळ्याशी होतो मी, म्हणून मला हे कळतं. मीही त्याच पंगतीतला. खरं बोलणाऱ्या मुलीवर मी डोळे वटारून बसलो आणि खरा घात आमच्याच संशयानं होत होता, तो मला दिसला नाही.

तुमच्यापैकी कुणी पेलोतासला जाणार असाल, तर तिला माझा एवढाच निरोप द्या. तुझा कोट इथं आहे, बिल्ले जागच्या जागी आहेत. येत्या रविवारी दुपारी पुन्हा घंटा वाजेल. पोरी, उचल गं.