घासलेलं ताट

"ताट झाकून ठेवलं म्हणजे पोरगी जेवली असं नसते वं, प्रेमलता," शेजारच्या शोभाताई कुंपणापलीकडून म्हणाल्या. "एकटीच्या घशाखाली घास उतरत नाही."

प्रेमलता चपलेचा पट्टा लावत होती. "चारू आता चौदा वर्षांची आहे, ताई. कुकुलं बाळ नाही. आणि रोज घासलेलं ताट मिळते मला." हसत तिने फाटक ओढलं आणि ती रामदासपेठेतल्या ऑफिसला निघाली. नवरा, वसंत, पहाटेच कळमेश्वरच्या कारखान्यात गेला होता.

हे दिवाळीआधीचं. संध्याकाळी ताट खरोखरच लख्ख घासून पालथं घातलेलं असे. ऑफिसात डबा उघडताना प्रेमलता मैत्रिणींना ते कौतुकाने सांगे. चारूच्या स्कर्टला कमरेपाशी सेफ्टीपिन आली, तेव्हा तिला वाटलं, पोरगी उंच होते आहे.

होळीच्या आदल्या दिवशी ऑफिस लवकर सुटलं. चारूची सकाळची शाळा अजून सुटायची होती. प्रेमलता ओसरीवर टेकली, तोच एक तांबडी गाय फाटकाशी येऊन थांबली.

"हड्!"

गाय हलली नाही. फाटकावरून मान आत घालून ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली. मग हंबरली. जेवायला उशीर झाला की घरचं माणूस हाक मारतं, तशी.

मागून दप्तर घेऊन चारू आली. आईला पाहून जागीच थबकली. गाय मात्र वळून तिचे हात हुंगू लागली.

"तूच म्हणते ना आई," चारू पुटपुटली, "पहिला घास गाईचा."

"आणि दुसरा?"

चारू स्कर्टची पिन चाचपत राहिली.

"काहून गं? माझ्या हातचं आवडत नाही?"

"आवडते." तिने दप्तर खाली ठेवलं. "जेवायला बसलं की माझ्याच चावण्याचा आवाज येते घरात. दुसरा कोणताच नाही."

प्रेमलताने दोन ताटं घेतली. चारूने खाली मान घालून पुन्हा पुन्हा भात मागून घेतला. प्रेमलताचा घास तोंडातच फिरत राहिला.

धुळवड झाली, ऑफिस उघडलं. निघताना प्रेमलता कुंपणापाशी गेली. शोभाताई तांदूळ निवडत होत्या. कुंपणाची तार तिने घट्ट धरली.

"ताई, दुपारी चारूकडे जरा डोकावून याल?"

"येतो ना. ताट पाहून येऊ का, खाल्लं का नाही ते?"

"नाही," प्रेमलता म्हणाली. "तुमचं ताट घेऊन जा."